रुजू

रजेवरून किंवा आजारातून उठून माणूस कामावर परत आला, की तो ‘रुजू झाला’ असे आपण म्हणतो. शब्द मूळचा दप्तराचा. बदलीच्या हुकमात, रजेच्या अर्जात, हजेरीपटाच्या शेऱ्यात तो ठाण मांडून बसलेला असतो. अरबीत त्याचा अर्थ परतणे असा होतो. फारसीच्या वाटेने तो आपल्या दप्तरांत शिरला आणि दप्तरांतून घरांत. मराठी कानाला मात्र त्याच्या शेजारी आपलाच एक जुना शब्द ऐकू येतो : रुजणे. व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने या दोहोंत कसलेही नाते नाही. तरीही परतलेला माणूस जुन्या जागी पुन्हा मूळ धरील, अशी काहीशी अपेक्षा ‘रुजू होणे’ या प्रयोगात आपण नकळत मिसळून टाकली आहे. परतणे ही एका दिवसाची घटना असते. रुजण्याला ऋतू लागतो, आणि माती अनुकूल असावी लागते. कामावर हात किंवा पाय गमावलेल्या माणसांच्या सहवासात माझे आयुष्य गेले. त्यांच्यापैकी पुष्कळ जण परतले आणि फार थोडे रुजले. असे का झाले, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी व्यवसायोपचार शिकले ती मुंबईत, परळला. या विद्येची आपल्या देशातील पहिली शाळा १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी काढली. जन्माने त्या अमेरिकन होत्या, विवाहाने निंबकर झाल्या. रुग्णाला बरे करणे म्हणजे त्याची जखम भरून आणणे एवढेच नव्हे. त्याला अंगात सदरा घालता आला पाहिजे, भाकरी मोडता आली पाहिजे आणि आपले काम करता आले पाहिजे, हा या शास्त्राचा साधा आग्रह आहे. तो परळच्या रुग्णालयात प्रथम रुजावा यात मला एक औचित्य दिसते. कारण त्या काळी त्या इमारतीच्या खिडक्यांतून चहूकडे गिरण्यांची धुराडी दिसत असत.

पुढे यजमानांची नेमणूक बराकपूरजवळ नीलगंजच्या ताग संशोधन संस्थेत झाली, आणि १९८८ पासून बराकपूर हे माझे गाव झाले. कलकत्त्याच्या श्यामबाजारहून निघालेला बी. टी. रोड बोनहुगळी, कामारहाटी, खडदह, टिटागढ अशी नावे मागे टाकीत येथे येऊन पोचतो. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला हुगळी, जिला येथे सारे गंगाच म्हणतात. आणि नदीच्या काठाने तागाच्या गिरण्या. पलीकडच्या तीरावर श्रीरामपूर दिसते. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथेच छापले गेले, हे मराठी माणसाला घाटावर उभे राहिल्यावर आठवल्यावाचून राहत नाही. त्याच तीरावर थोडे दक्षिणेला रिश्रा. हिंदुस्थानातील तागाची पहिली गिरणी तेथे १८५५ मध्ये सुरू झाली. बराकपूर स्वतः त्याहून जुने, १७७२ पासूनची लष्कराची छावणी. २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडेने बंदूक उचलली ती याच मैदानावर.

छावणी आणि गिरणी यांचा हा शेजार मला प्रथम केवळ योगायोग वाटला. परंतु येथील एका धर्मादाय दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस बसू लागल्यावर त्याचा अर्थ हळूहळू उलगडू लागला. माझ्यासमोर दोन प्रकारची जखमी माणसे येत. एकाच्या जखमेला कोणी मालक होता. दुसऱ्याची जखम त्याची एकट्याची होती.

२००६ च्या पावसाळ्यात एक विणकर आला. वय अडतीस. मूळचा बिहारातील सारण जिल्ह्याचा; बाप याच गिरणीत, आजाही याच गिरणीत. यंत्र पुसताना दंतचक्रात सापडून उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला होता. विमा रुग्णालयात शस्त्रक्रिया चांगली झालेली; जखम स्वच्छ भरलेली. माझ्याकडे तो पाच महिन्यांनी आला, आणि तोही कोणी पाठविले म्हणून नव्हे. शेजारच्या खोलीतील एका बाईचा गुडघा आमच्याकडे बरा झाला होता, एवढ्याच धाग्यावर आला. हात गळ्यातल्या फडक्यात बांधलेला होता. जखम भरून तीन महिने झाले होते. फडक्याची गरज उरली नव्हती. मी ते सोडायला सांगितले तेव्हा त्याने आधी दाराकडे पाहिले, जणू हात उघडा करण्यापूर्वी दार लावून घ्यावे असे त्याच्या मनात असावे.

त्याच्याजवळ कागदांची एक पिशवी होती. त्यांतल्या एका कागदावर त्याच्या अंगठ्याचा हिशेब मांडलेला होता : तीस टक्के.

हा हिशेब कोठून येतो हे सांगायला हवे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. माणसाच्या देहाचा कोणता भाग गेला असता त्याची कमाईची शक्ती किती शेकडा गेली असे धरावे, याचा तो तक्ता. एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर चौदा, मधले बोट बारा, करंगळी सात. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर चाळीस. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानेही हाच हिशेब स्वीकारला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हे दोन्ही कायदे आपल्यात सामावून घेताना तक्ताही बरोबर घेतला. मी या तक्त्याची निंदा करीत नाही. त्यापूर्वी कामगाराला आपली बोटे गेल्याचा दोष मालकाचा होता हे न्यायालयात सिद्ध करावे लागे, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. तक्त्याने दोषाचा प्रश्न बाजूला सारला, हे त्याचे मोठे उपकार. १९४८ च्या कायद्याचे तर आणखी मोठे : १९२३ च्या कायद्याने एकरकमी मिळणारा पैसा सावकाराकडे किंवा मुलीच्या लग्नात जात असे, विम्याच्या योजनेत स्थायी अपंगत्वाबद्दल आयुष्यभर दरमहा रक्कम मिळू लागली. या योजनेचा पाया प्रा. बी. पी. अडारकरांनी १९४४ साली सादर केलेल्या अहवालात आहे, आणि त्या काळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. मराठी वाचकाने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे.

परंतु तक्ता अवयवाचे मोल सांगतो. तो कोणाचा अवयव, हे त्याला ठाऊक नसते. अंगठ्यावाचून पहारेकरी पहारा करू शकतो. विणकराचे तसे नाही. मागावर दर काही मिनिटांनी सूत तुटते. ते चिमटीत धरून, गाठ मारून, पुन्हा चालू करणे हेच त्याचे कौशल्य. चिमूट म्हणजे अंगठा. मनुष्याला मिळालेली ही चिमूट तीस टक्क्यांची, असे कायदा म्हणतो. हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७५ साली आला होता. ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे त्याचे अपंगत्व अंशतः ठरत होते. न्यायालयाने म्हटले की सुताराला एका हाताने सुतारकाम करता येत नाही. म्हणून त्याच्या पुरते हे अपंगत्व पूर्णच समजले पाहिजे. निकाल इतका सरळ आहे की तो लिहावा लागला याचेच नवल वाटावे. पण तो लाभ त्याला मिळाला तो न्यायालयांच्या पायऱ्या चढून गेल्यावर. माझ्या विणकराला त्या पायऱ्या दिसतही नव्हत्या.

आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणवत असेल तर. जखमी कामगाराला नवा व्यवसाय शिकविण्याची एक योजना विमा महामंडळाकडे आहे. तिला दोन अटी : वय पंचेचाळीसच्या आत आणि अपंगत्व किमान चाळीस टक्के. विणकराचे वय बसत होते. अंगठा मात्र दहा टक्क्यांनी कमी पडला. विणकामाला तो पुरेसा अपंग होता, नवे काम शिकायला पुरेसा अपंग नव्हता.

या माणसांच्या सहवासात एक विसंगती मला वारंवार दिसली. वैद्यकीय मंडळापुढे जाताना हात जितका निकामी दिसेल तितका हिताचा. गिरणीच्या दारात जाताना जितका कामाचा दिसेल तितका हिताचा. एकाच हाताने दोन ठिकाणी दोन उलट साक्षी द्यायच्या. मंडळाची तारीख लांबली की पहिली साक्ष महिनोन्‌महिने चालू राहते, आणि माणूस हात फडक्यात बांधून ठेवतो. यात लबाडी नसते. पुन्हा पुन्हा दिलेली साक्ष देणाऱ्याला स्वतःलाच खरी वाटू लागते, इतकेच. हात वापरला नाही की सांधे आखडतात. आखडले की दुखतात. दुखतात म्हणून तो आणखी वापरीत नाही. पाच महिन्यांनी माझ्यासमोर आलेल्या त्या हाताची उरलेली चार बोटेही मुठीत मिटत नव्हती. त्यांना यंत्राने स्पर्शही केला नव्हता.

जगभर या विषयाचा जो अभ्यास झाला आहे, त्याचा निष्कर्ष असा, की माणूस कामावर परतेल की नाही हे केवळ जखमेच्या खोलीवरून सांगता येत नाही. तो किती दिवस कामापासून दूर राहिला, हे त्याहून अधिक बोलके ठरते. आठवडे महिन्यांत आणि महिने वर्षांत बदलतात तसतशी परतण्याची शक्यता घटत जाते. मधल्या काळात कामाच्या जागेवरून कोणी त्याची चौकशी केली का, परतल्यावर काम थोडे बदलून मिळेल का, वरिष्ठाचा आणि सोबत्यांचा भाव कसा आहे, आणि पुन्हा अपघात होईल ही भीती त्याच्या मनात किती खोल गेली आहे, यांवर सारे अवलंबून असते. कॅनडातील शेरब्रुक येथील एक प्रयोग या संदर्भात उल्लेखनीय आहे. पाठीच्या दुखण्याने महिनाभराहून अधिक काळ घरी बसलेल्या कामगारांवर पात्रीक ल्वाझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि १९९७ साली प्रसिद्ध केला. काहींना नेहमीचे उपचार दिले. काहींच्या बाबतीत उपचारांबरोबरच तज्ज्ञ प्रत्यक्ष कामाच्या जागी गेला, कामगार आणि त्याचा वरिष्ठ यांना घेऊन बसला आणि कामात काय बदलता येईल ते तिघांनी मिळून ठरविले. हे दुसरे लोक पहिल्यांच्या सुमारे २.४ पट वेगाने आपल्या मूळ कामावर परतले. कोणीतरी कारखान्यात जाऊन काम पाहिले, हा त्यातला मोठा फरक.

मात्र ‘लवकर परतणे’ हेही प्रत्येक वेळी सुलक्षण नसते, हे मला गिरणीच्या दारातच कळले. १९४८ च्या कारखाना कायद्यात असा नियम होता, की अपघातामुळे कामगार अठ्ठेचाळीस तास कामाबाहेर राहिला तर त्याची वर्दी निरीक्षकाकडे द्यावी लागे. नियम चांगला. पण त्याला पळवाट सापडायला वेळ लागला नाही. हाताला पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून घ्यायचे, खात्याच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवायचे आणि हजेरी मांडायची. कागदोपत्री तो रुजू झालेला असतो. जखम चिघळून तो पुढे माझ्याकडे येई, तेव्हा त्याच्या अपघाताची कोठे नोंदच नसे. ज्यांचे नाव मुळात हजेरीपटावर नाही त्यांची कथा याहून वेगळी नव्हती. या गिरण्यांत कायम कामगारांच्या जोडीला बदली असतात, आणि दुसऱ्याच्या नावावर काम करून मजुरीचा भाग घेणारेही असतात. त्यांतल्या एकाची दोन बोटे गेली, तेव्हा हजेरीपटाप्रमाणे त्या वेळी यंत्रावर दुसराच मनुष्य होता, आणि त्याची दहाही बोटे शाबूत होती. बोटे गेली ती कोणाचीच नव्हती.

येथे मला छावणीची आठवण होते. जखमी शिपायाचे काय करायचे, हा प्रश्न राज्यकर्त्यांनी फार लवकर सोडवायला घेतला. अठराव्या शतकाच्या अखेरीसच कंपनी सरकारने निकामी झालेल्या शिपायांना बिहारात भागलपूरच्या बाजूला जमिनी देऊन वसविले होते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, हात-पाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना व्यवसाय शिकविण्यासाठी मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक शाळा निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ ते काम करीत आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. यामागे करुणा नव्हती असे मी म्हणणार नाही. पण करुणेला हिशेबाची जोड होती. शिपाई गावी लंगडत परतला आणि त्याला कोणी विचारले नाही, तर त्या गावातून पुढची भरती होत नाही. गिरणीला ही चिंता कधीच नव्हती. तिच्या दारात पहाटेच्या भोंग्याला बदली उभेच असत. एक हात गेला तर दुसरे दोन हात त्याच पाळीला मिळत. जखमी माणसाला परत आणण्याची विद्या ही, तो परत आला नाही तर कोणाचे तरी अडते, तेथेच वाढते.

आपल्या कायद्यानेही ही भेदरेषा पुसली नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सत्तेचाळिसावे कलम मोठे उदार होते. नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या माणसाला काढता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनाचे दुसरे द्यावे. तशी जागा नसेल तर अतिरिक्त पद निर्माण करावे. पाय गमावलेल्या कुणाल सिंग नावाच्या एका जवानाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली या कलमाचा अर्थ उघडपणे मांडला, आणि त्याला नोकरीत ठेवायला लावले. पण हे कलम सरकारी आणि निमसरकारी आस्थापनांपुरते होते. २०१६ च्या कायद्यानेही ही हमी सरकारी आस्थापनांनाच लागू केली. बराकपूरहून रेल्वेने उत्तरेला गेले की पुढच्याच काही स्थानकांच्या टापूत सरकारी शस्त्रकारखानेही आहेत आणि खासगी गिरण्याही. माझ्याकडे एका सरकारी कारखान्यातील एक जोडारी येत असे. त्याचा एक डोळा लोखंडाच्या ठिणगीने गेला होता. त्याला भांडारात काम मिळाले, पगार तोच राहिला, आणि वर्षभरात तो आपल्या मुलीच्या शिक्षणाविषयी बोलू लागला. दवाखान्याच्या बाकावर त्याच्या शेजारी माझा विणकर बसत असे. दोघे एकाच गाडीने येत, एकाच वयाचे होते. अंगठा गेलेल्याला कायद्याने एवढेच दिले होते, की तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता मिळत असेपर्यंत त्याला काढता येणार नाही. जखम भरली आणि तात्पुरते अपंगत्व स्थायी ठरले, की ती सावली संपत होती.

मग अशी माणसे जात कोठे? बहुतेक वेळा गावी. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते टिकवावे असे म्हटले होते. आजारपणात, बेकारीत आणि म्हातारपणात गाव हा त्याचा आसरा आहे, अशी त्यामागची भूमिका होती. आयोगाचे निरीक्षण खरे होते. पण त्याचा दुसरा अर्थ असाही होतो, की गिरणीने मोडलेल्या माणसाच्या दुरुस्तीचा खर्च सारण, बलिया किंवा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घराने करायचा. त्या घरातही तो खर्च बहुधा एका बाईच्या अंगावर पडतो.

माझे मधले काका मुंबईत एका गिरणीत साचेवाले होते. मामा वरेरकरांनी कादंबरीला ‘धावता धोटा’ हे नाव दिले, तो धोटा काकांच्या बोलण्यात सतत धावत असे. साच्यावर उजव्या हाताची दोन बोटे गेली, तेव्हा मी शाळेत होते. बरे झाल्यावर त्यांना परत घेतले, पण खाते झाडायला. काका आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्यांनी डबा भरू दिला नाही. ज्या साच्यांमधून जॉबरसुद्धा त्यांना विचारून पुढे जाई, त्यांच्याखालचा कापूस झाडून काढणे त्यांना जमले नाही. ते संगमेश्वराकडे गावी निघून गेले आणि पुढची सतरा वर्षे काकू दुसऱ्यांच्या खळ्यावर राबली. घरातील वडील मंडळी म्हणत, काकांनी माज केला. झाडू मारला असता तर काय बिघडले असते? पगार तर मिळत होता. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटत असे. या व्यवसायात आल्यावर ते मत टिकले नाही. काम म्हणजे केवळ पगार नसतो. माणूस वीस वर्षे एक विद्या हातात मुरवतो, आणि त्या विद्येमुळे चार लोक त्याला ओळखतात. ती ओळख काढून घेऊन पगार परत दिला, तर त्याला आपण पुनर्वसन म्हणतो. त्याला मात्र ते विस्थापन वाटते.

हाताला काम जुळवावे की कामाला हात, हा खरा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर बराकपूरच्या शेजारीच आहे. टिटागढला रेल्वेच्या रुळांलगत मदर तेरेसांच्या भगिनींनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. ते स्थान गांधीजी प्रेम निवास म्हणून ओळखले जाते. तेथे हातमाग आहेत. त्या भगिनींच्या अंगावर निळ्या काठाच्या ज्या पांढऱ्या साड्या आपण जगभर पाहतो, त्या या मागांवर विणल्या जातात. आणि विणणाऱ्यांत बोटे झडलेली माणसे असतात. मी ते प्रथम पाहिले तेव्हा बराच वेळ नुसती उभी राहिले. याच टिटागढात तागाच्या गिरण्यांत एक अंगठा गेलेला विणकर निकामी ठरत होता. हातमाग सावकाश चालतो, गिरणीतला माग थांबत नाही, हा फरक मला मान्य आहे. बाजाराच्या हिशेबात तो मोठा आहे. तरीही अशक्य आणि गैरसोयीचे या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते तेथे डोळ्यांनी दिसते.

वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांचा अनुभवही मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती सरळ करायला आरंभ केला. हात सुधारले, आणि रुग्ण तक्रार घेऊन परत आले : आता आम्हांला कोणी भीक घालीत नाही, आणि कामही देत नाही. तेव्हा ब्रँड यांनी सुतारकामाची आणि इतर उद्योगांची एक वसाहत महाविद्यालयाच्या आवारात उभी केली. शल्यवैद्याचे काम जेथे संपते असे त्यांना वाटत होते, तेथून ते पुढे सरकले.

आमच्या विणकराला अंगठा देणे माझ्या हाती नव्हते. तर्जनी आणि मधले बोट यांच्यामध्ये कात्रीसारखी पकड तयार करता येते. ती आम्ही तयार केली. आधी रोज मेणाच्या गरम लेपात हात, मग चिकणमाती, मग दोरी, आणि शेवटी तागाचे सूत. पहिली गाठ मारायला त्याला काही मिनिटे लागली, आणि ती सुटली. चार महिन्यांनी तो डाव्या हाताच्या साहाय्याने न पाहता गाठ मारू लागला. मी गिरणीच्या कचेरीत तीनदा गेले. तेथील बाबूंनी मला चहा दिला आणि सांगितले, की त्याच्या मागावर केव्हाच दुसरा माणूस लागला आहे. शिवाय पुन्हा काही झाले तर जबाबदारी कोणाची? दुसरा प्रश्न गैर नव्हता. पण त्याचे उत्तर यंत्राच्या दंतचक्रावर झाकण बसविणे हे होते, आणि ते कोणी सुचविताच संभाषण थांबत असे.

वाट उघडली ती भलतीकडूनच. त्याच्या खात्यातील एका म्हाताऱ्या सरदाराने पाळी संपल्यावर एका बंद मागापाशी त्याला उभे केले आणि सूत तोडून हातात दिले. त्याने गाठ मारली. सरदाराने पुन्हा तोडले. असे किती वेळा झाले ते मला ठाऊक नाही. भोवती दहाबारा माणसे जमली होती, एवढे त्याने सांगितले. माग काही त्याला परत मिळाला नाही. बीम भरण्याच्या खात्यात, जेथे गाठी मारायच्या असतात पण धोटा धावत नाही, तेथे त्याला घेतले. मजुरी पूर्वीपेक्षा कमी. पहिल्या आठवड्यानंतर तो भेटायला आला, तेव्हा मी विचारले, कसे वाटते? तो म्हणाला, “हजेरी लागली, दीदी. हात अजून लागायचा आहे.”

अहवालात मी त्याच्या नावापुढे ‘कामावर परत’ असे लिहिले. ते खोटे नव्हते. अशा नोंदींच्या बेरजेवरच संस्था चालतात, अनुदाने मिळतात, आणि पुनर्वसनाचे तक्ते भरतात. परंतु त्या रकान्यात माझा विणकर आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसविलेला पट्टी बांधलेला माणूस शेजारी-शेजारी येतात, ही गोष्ट मला अखेरपर्यंत खटकत राहिली. परतलेला माणूस वर्षभराने तेथे आहे का, त्याचे कौशल्य वापरले जाते का, त्याच्या शब्दाला खात्यात मोल आहे का, हे विचारणारा रकाना कोणत्याच फॉर्मवर नव्हता. बोनहुगळीला, याच बी. टी. रोडवर, अस्थिव्यंगांसाठी १९७८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईला हाजीअलीची संस्था तर १९५५ पासूनची. विद्या, उपकरणे आणि तज्ज्ञ यांची वाण आहे असे म्हणता येणार नाही. वाण आहे ती रुग्णालयाचे दार आणि कारखान्याचे दार यांच्यामधल्या वाटेवर चालणाऱ्या माणसाची. ती वाट जखमी माणूस एकटाच चालतो, आणि बहुतेक वेळा पाच महिने उशिराने चालतो.

त्या विणकराने मात्र या बाबतीत आपल्यापुरता एक उपाय काढला. त्याच्या टापूतील कोणत्याही गिरणीत कोणाचा हात सापडला की तो रुग्णालयात जाऊन त्याला गाठू लागला. पहिल्याच आठवड्यात. आपला हात दाखवायचा, गळ्यातले फडके सोडायला लावायचे, टाके निघाले की त्याला बराकपूरच्या गाडीत बसवायचे. मी दवाखाना सोडला तोपर्यंत हे चालू होते. एकदा त्याने आणलेला एक पोरगेला बदली दाराशी घुटमळत होता. विणकराने खिशातून तागाचे सूत काढले, दोन बोटांत धरून त्याच्यासमोर गाठ मारली, आणि इतकेच म्हणाला, “मी उशिरा आलो होतो. तू वेळेवर आलास.”